कृपा आणि पाचारण : मराठी ख्रिस्ती आत्मकथनातील एक पेच

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा परामर्श घेताना समीक्षेचे लक्ष बहुधा धर्मांतर या एकाच घटनेवर खिळून राहते. कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने बाप्तिस्मा घेतला, त्याने घरदार कसे दुरावले, समाजाने कोणती शिक्षा केली, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या वाङ्मयाची झडती पुरी झाली असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु ज्यांनी हे वाङ्मय निर्माण केले त्यांच्या आयुष्यात बाप्तिस्म्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक काळ छळणारी एक दुसरी घटना होती. ती म्हणजे धर्मसेवेसाठी झालेले बोलावणे. ख्रिस्ती धर्मविचारात या दोन घटना एकमेकींपासून तोडता येत नाहीत. कृपा ही कोणत्याही पुण्याईवाचून लाभते. आणि जिचा लाभ झाला तीच कृपा काही माणसांना एका विशिष्ट कामासाठी बोलावते. दमास्कसच्या वाटेवर पौलाला जे घडले त्यात तारण आणि नेमणूक ही एकाच प्रकाशाची दोन अंगे होती. मराठीत मात्र या दोन अंगांना दोन अगदी भिन्न नशिबे लाभली. ती का लाभली आणि त्यातून कोणते वाङ्मय निपजले, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

आरंभ शब्दांपासूनच करावयास हवा. 'कृपा' हा शब्द मिशनऱ्यांना घडवावा लागला नाही. तो तयार होता, आणि नुसता तयार नव्हता तर शतकानुशतकांच्या भक्तिकाव्याने तो भरून वाहत होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले, तेव्हा ओवी हा छंद आणि पुराणाची सारी शब्दकळा त्यांनी निःसंकोचपणे उचलली. गोमंतकातील कोकणी प्रार्थनेत आजही कृपा 'कुर्पा' या रूपाने उच्चारली जाते. पण त्याच गोव्यात कृपेचे वाटप करणारा जो अधिकारी, त्याला मात्र देशी नाव मिळाले नाही. तो 'पाद्री'च राहिला. कृपेचे भाषांतर झाले, अधिकाराचे झाले नाही, या भाषिक वस्तुस्थितीकडे केवळ शब्दकोशाची बाब म्हणून पाहून चालणार नाही. सतराव्या शतकात दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रु या ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती तरुणाला गोव्याच्या आर्चबिशपांनी धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारली. त्याला ती मिळवण्यासाठी रोमला जावे लागले. १६३० मध्ये तो तेथे धर्मगुरू झाला, आणि १६३७ मध्ये त्याला बिशपपद देऊन आदिलशाही मुलखासाठी पाठवण्यात आले. गोव्याच्या हद्दीबाहेर, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या डिचोलीला त्याने ठाणे मांडले. कृपा सर्वांना सारखी लाभते असे शिकवणाऱ्या संस्थेने तिच्या सेवेचे बोलावणे मात्र वंशाच्या चाळणीतून गाळून घेतले, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

बोलावणे या कल्पनेसाठी मराठी बायबलात जो शब्द रूढ झाला तो 'पाचारण'. शब्द जुना आहे. प्राचीन मराठीत 'पाचारणे' हे क्रियापद हाक मारणे, बोलावून घेणे या अर्थी येते. मात्र त्याला धार्मिक वलय नव्हते. वैद्याला पाचारण करावे, कारकुनाला पाचारण करावे, असा त्याचा व्यवहार. कोकणीतील 'आपोवणें' या शब्दात निदान घरातल्या हाकेची ऊब आहे. 'पाचारण' उच्चारताच कचेरीचा दरवाजा उघडल्याचा भास होतो. एका बाजूला संतांनी पिकवलेला 'कृपा' हा शब्द, दुसऱ्या बाजूला हुकुमाचा वास असणारा 'पाचारण' हा शब्द. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकाला या दोन शब्दांच्या मध्ये उभे राहून आपले आत्मचरित्र लिहावे लागले.

मराठी परंपरेत कृपा झालेल्या माणसाला बोलावणे येत नव्हते, असे मात्र नाही. तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह स्वप्नात झाला. नामदेव विठ्ठलासह स्वप्नात आले आणि त्यांनी अभंगरचनेची राहिलेली संख्या पुरी करण्याची आज्ञा केली. येथे कृपा आहे, हाक आहे, नेमून दिलेले कामही आहे. आणि ते काम कवित्वाचे आहे. पद नाही, वेतन नाही, कोणत्या मंडळीची मान्यता नाही. उलट ज्यांच्याकडे मान्यतेचा मक्ता होता त्यांनी वह्या बुडवावयास लावल्या, अशी कथा आहे. शिऊरच्या बहिणाबाईंना तुकारामांचा उपदेश स्वप्नातच लाभला आणि त्यांनीही आपली कथा अभंगांतच सांगितली. स्वप्न हे या परंपरेतील कृपेचे लाडके द्वार आहे, कारण त्याला पहारेकरी नसतो. सारांश, महाराष्ट्रात दैवी बोलावण्याचा स्वाभाविक शेवट काव्यात होतो, हा संकेत ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच येथे रुजलेला होता. प्रॉटेस्टंट मिशनांनी आणलेला संकेत याहून निराळा होता.

कॅल्व्हिनने धर्मसेवेच्या पाचारणाचे दोन भाग केले होते. एक अंतरातील, गुप्त, ज्याची साक्ष फक्त त्या माणसाला व देवाला असते. दुसरे बाहेरचे, जे मंडळी विधिपूर्वक देते. स्कॉटिश मिशन याच परंपरेतले. अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचे. त्याच्याही व्यवस्थेत स्थानिक मंडळीने पाळकाला बोलवावे आणि शक्यतो तिनेच त्याला पोसावे असे अभिप्रेत होते. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचा आग्रहच असा की देशी मंडळ्यांनी स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः पाहावा. ते १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि १८५४ मध्येच हरिपंत खिस्ते व रामकृष्णपंत मोडक यांना नगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मुंबईला फ्री चर्चने नारायण शेषाद्री यांना दीक्षा दिली. त्याच वर्षाच्या ३ सप्टेंबरला बेळगावात बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला. १८५४ हे वर्ष मराठी वाङ्मयेतिहासाच्या कालपटावर सहसा नोंदलेले दिसत नाही. ते नोंदले जावे अशी त्याची योग्यता आहे.

तत्त्वाला आणि व्यवहाराला जोडणारा सांधा पैशाचा होता. मंडळ्या गरीब होत्या. घरदार तुटलेल्या धर्मांतरिताला उपजीविकेचे दुसरे साधन राहिलेले नसे. परिणामी पाचारण बाहेरून आले की त्यासोबत पगारही येई, आणि तो पुष्कळदा मिशनच्या तिजोरीतून येई. जी कृपा फुकट मिळते असे सांगावयाचे, ते सांगण्याबद्दल महिन्याच्या महिन्याला दाम घ्यावयाचा, हा विरोध टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही. 'पोटासाठी बाटले' हा शेरा एकोणिसाव्या शतकात सर्रास मारला जाई. शेरा बहुधा अन्यायाचा होता. ज्यांनी इस्टेटीवर पाणी सोडले त्यांच्याबाबतीत तर तो हास्यास्पद होता. परंतु त्याने एक वाङ्मयीन परिणाम साधला. ख्रिस्ती आत्मचरित्रकाराला कृपेविषयी मोकळेपणाने बोलता येई, पाचारणाविषयी बोलताना मात्र त्याची जीभ अडखळू लागली.

'अरुणोदय' (१८८८) या बाबा पदमनजींच्या आत्मचरित्रात हे अडखळणे स्पष्ट दिसते. बेळगावातील वैष्णव वळणाचे कासार घराणे, तेथील मिशनची शाळा, मुंबईत डॉ. विल्सन यांच्या संस्थेतील शिक्षण, परमहंस सभेशी आलेला संबंध, आणि या सर्वांतून मनाची होत गेलेली घालमेल यांचे वर्णन पदमनजी विलक्षण तपशिलाने करतात. ग्रंथाचे नावच एक भूमिका मांडते. दमास्कसच्या वाटेवरील प्रकाश क्षणात डोळे दिपवतो. अरुणोदय हळूहळू होतो, आणि नेमका कोणत्या क्षणी झाला हे कोणालाच सांगता येत नाही. पदमनजींची कृपा पुस्तकांतून, पाठांतरातून, वादांतून, भीतीतून, आईबापांच्या अश्रूंतून पाझरत येते. आपण तिला किती वेळा टाळले हे ते नोंदवतात, आणि या टाळण्याच्या नोंदीतूनच कृपेचा चिवटपणा सिद्ध होतो. मराठी गद्यात मनाच्या द्विधावस्थेचे इतके प्रदीर्घ चित्रण त्यापूर्वी कोणी केले नव्हते असे म्हणावयास हरकत नाही. 'यमुनापर्यटना'ची कादंबरी म्हणून जी चर्चा झाली तिच्या मानाने 'अरुणोदया'ची आत्मपर गद्य म्हणून झालेली चर्चा तोकडी आहे.

ग्रंथाचा सारा ओघ बाप्तिस्म्याच्या दिशेने वाहतो. त्यानंतरचे आयुष्य कोणते होते? १८६७ मध्ये पदमनजींना फ्री चर्चच्या पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुण्याच्या मंडळीची जबाबदारी आली. १८७३ मध्ये त्यांनी ती सोडली, आणि १९०६ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा काळ मुख्यतः लेखन, संपादन आणि बायबल व ट्रॅक्ट संस्थांच्या कामात घालवला. त्यांच्या नावावरील लहानमोठी पुस्तके शंभराहून अधिक भरतात. म्हणजे ज्या पदासाठी मंडळीने त्यांना बोलावले ते पद त्यांनी काही वर्षांत खाली ठेवले, आणि ज्या कामासाठी त्यांना कोणी विधिपूर्वक बोलावले नव्हते ते लेखनाचे काम अखेरपर्यंत केले. 'अरुणोदय' लिहीत असताना हे सर्व घडून गेलेले होते. तरीही पाळकपदाच्या पाचारणाला त्या आत्मकथनात बाप्तिस्म्याच्या तोलाचे स्थान नाही. या मौनाचे कारण निव्वळ विनयात शोधणे भाबडेपणाचे होईल. बाप्तिस्म्याची कथा कृपेच्या भाषेत सांगता येत होती. पाळकपद स्वीकारण्याची आणि सोडण्याची कथा सांगावयाची तर मंडळी, वेतन आणि वरिष्ठ यांच्या भाषेत सांगावी लागली असती. अशा कथेसाठी मराठीत अजून वाङ्मयप्रकार नव्हता.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण स्त्री असल्यामुळे बाह्य पाचारणाचा मार्ग त्यांना मुळातच बंद होता. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या वास्तव्यात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याविषयी बिशप मंडळींनी आक्षेप घेतले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात (तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला) रमाबाईंनी त्या आक्षेपांना दिलेली उत्तरे कोणाही अभ्यासकाने मुळातून वाचावीत. ज्या बाईने हिंदुस्थानात पंडितांच्या सभेत पुरुषांसमोर शास्त्रार्थ केला होता तिला ख्रिस्ती देशात वर्ग घेण्यास परवानगी मागावी लागत होती, यातील विसंगती त्यांच्या लेखणीने पुरेपूर टिपली आहे.

१९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी एक महत्त्वाचा भेद केला. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडलेला नव्हता, असा त्या भेदाचा आशय आहे. बुद्धीने धर्म पटणे ही एक गोष्ट. आपल्या पदरी काहीही नसताना आपल्याला स्वीकारण्यात आले आहे ही जाणीव दुसरी. ती जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली. या वळणावर त्यांनी वाचलेल्या पुस्तकांत विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन होते, आणि त्याची कथा येथे फार अन्वर्थक आहे. हा मनुष्य दीक्षा घेतलेला, मंडळी सांभाळणारा पाळक असताना स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात प्रथमच खरा विश्वासू झाला. पाचारण आधी, कृपा नंतर, असा हा उलटा क्रम आहे. पदाने कृपेची हमी मिळत नाही, हे हॅस्लमच्या कथेतून रमाबाईंना दिसले असणार. पद नसल्याने कृपेच्या कामात उणेपण येत नाही, हा उपसिद्धांत त्यांनी आपल्या आयुष्याने मांडला.

साक्षीत त्या आपल्या बालपणीच्या शास्त्राध्ययनाचा हिशेब मांडतात. स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाही, या एका मुद्द्यावर सर्व शास्त्रांचे एकमत आढळल्याचे त्या सांगतात. कृपा या शब्दाचा त्यांच्या लेखी अर्थ या पार्श्वभूमीवर घ्यावयास हवा. अधिकारभेदावर उभ्या असलेल्या व्यवस्थेत कृपा म्हणजे अधिकाराचा प्रश्नच रद्द होणे. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये प्रार्थनेची जी लाट उसळली तिच्यानंतर तेथील मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत उपदेशासाठी जाऊ लागल्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या, कालपरवापर्यंत अक्षरशत्रू असलेल्या या मुलींना कोणत्या बिशपाने किंवा मंडळीने नेमले होते? कोणीही नाही. कॅल्व्हिनच्या परिभाषेत त्यांच्यापाशी फक्त अर्धे पाचारण होते. गावोगावच्या ऐकणाऱ्यांना ते अर्धे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

येथे एका मर्यादेचा निर्देश अपरिहार्य आहे. केडगावच्या त्या मुलींचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत फार थोडे आणि बहुधा दुसऱ्यांच्या लेखणीतून आले आहेत. नगर जिल्ह्यातील महार वस्त्यांमधून उभ्या राहिलेल्या उपदेशकांचेही तसेच. मिशनच्या अहवालांत ते संख्येने भेटतात, अनेकवचनात भेटतात. कृपेच्या अनुभवाचे मराठीत जे आत्मकथनपर वाङ्मय मान्यता पावले ते बहुतांशी वरिष्ठ जातींतील धर्मांतरितांचे आहे. त्यांनी सोडलेल्या गोष्टींना समाजाच्या लेखी किंमत होती, म्हणून त्यांच्या सोडण्याची कथा झाली. ज्यांच्यापाशी सोडण्याजोगे काही आहे असे कोणी मानलेच नव्हते त्यांच्या वाट्याला कथा आली नाही. कृपा कोणाची लायकी पाहत नाही. वाङ्मयेतिहास मात्र पाहत आला आहे.

नारायण वामन टिळकांचे (१८६१-१९१९) उदाहरण या सर्व धाग्यांची गाठ आहे, आणि मराठी समीक्षेने ती सोडवण्याऐवजी कापून टाकली आहे. 'फुलामुलांचे कवी' एका बाजूला आणि 'रेव्हरंड' दुसऱ्या बाजूला अशी टिळकांची वाटणी करून पहिला वाटा मराठी कवितेने घेतला, दुसरा चर्चला देऊन टाकला. वास्तविक टिळकांच्या आयुष्यातील कृपेची पहिली हाकच काव्यचर्चेच्या ओघात आली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाची गाठ पडली. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्याविषयी. त्यातून ते धर्माकडे वळले, आणि उतरताना त्या प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत देऊन दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. भाकीत खरे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून घेतला. प्रवाशाचे नाव टिळकांना ठाऊक नव्हते. कृपेच्या कथनात हे अनामिकत्व फार मोलाचे असते. देणारा दृष्टीआड झाला की देणगी ईश्वराकडे वळवता येते. तुकारामांच्या स्वप्नातील गुरूही असाच, देऊन नाहीसा होणारा आहे. फरक इतकाच की स्वप्नाची जागा येथे आगगाडीने घेतली आहे.

१९०४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने टिळकांना पाळकपदाची दीक्षा दिली. नगरला ते धर्मविद्यालयात शिकवत, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करत, कीर्तने करत, उपासनेची पदे रचत. बाह्य पाचारणाच्या दृष्टीने या आयुष्यात काहीही उणे नव्हते. तरीही ते स्वतःला या चौकटीत परके समजत होते हे त्यांच्या अखेरच्या काळातील रचनांतून उमगते. 'अभंगांजली'तील ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे. त्याच्याशी भांडता येते, त्याच्या गळ्यात पडता येते. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो हे टिळक स्वतःच सांगत. हे बोलणे सामान्यतः समन्वयाचे गोड उद्गार म्हणून उद्धृत केले जाते. त्यातील धार मात्र दुर्लक्षिली जाते. ख्रिस्तापाशी पोचण्याची वाट जर देहूवरून जात असेल तर ख्रिस्ताच्या सेवकाचा नमुनाही देहूकडूनच घ्यावा लागेल. आणि देहूच्या त्या वाण्याने कर्जखतांच्या वह्या इंद्रायणीत सोडल्या होत्या, पगारपत्रकावर सही केली नव्हती.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा होती. या एका तरतुदीचे गांभीर्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. मंडळीची सीमा बाप्तिस्म्याने आखली जाते. ती सीमा पुसली की पाळक, पद, दीक्षा या सर्व संज्ञांचा पाया सुटतो. टिळकांनी ख्रिस्ती धर्म सोडला नाही, मिशनला शिव्याशापही दिले नाहीत. त्यांनी एवढेच केले की पाचारणाला त्याच्या कचेरीतून बाहेर काढून कृपेच्या अंगणात आणून बसवले. 'पाचारण' हा शब्द जे करू शकला नव्हता ते त्यांनी 'संन्यास' आणि 'दरबार' या दोन शब्दांकडून करवून घेऊ पाहिले. दरबार हा शब्द राजसत्तेचा, संन्यास सर्वसंगपरित्यागाचा. दोन्ही एकत्र आल्यावर जो अर्थ तयार होतो त्याला इंग्रजी मिशनच्या परिभाषेत जागा नव्हती. प्रयोगाला आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचा मुंबईत अंत झाला. त्यांचे इंग्रज स्नेही जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला आणि १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. संघाच्या आश्रमी वळणात टिळकांच्या स्वप्नाचा अंश होता. पण त्याला बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांचा दरबार म्हणता येणार नाही.

टिळकांच्या या निर्णयाचे गौरवपर वर्णन करून थांबणे सोपे आहे, आणि चरित्रकार बहुधा तेथेच थांबले आहेत. मिशनचे वेतन नाकारल्याने कृपेचा विनामूल्यपणा राखला गेला हे खरे. तथापि त्या विनामूल्यपणाचे मूल्य कोणाला तरी चुकते करावे लागलेच. ते कोणी चुकते केले याचा जमाखर्च 'स्मृतिचित्रे'त आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र विनोदासाठी, निर्मळपणासाठी, सांसारिक चित्रणासाठी नावाजले गेले. दैवी पाचारणाची मराठीतील सर्वांत कठोर चिकित्सा म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले नाही. टिळकांना कृपेचा अनुभव होतो आणि लक्ष्मीबाईंना लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाला जावे लागते. काही वर्षे त्या पंढरपुरात काढतात. टिळक कोणाला तरी घरी घेऊन येतात, आणि डब्यात काय शिल्लक आहे हे पाहण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे येते. टिळक देऊन टाकतात. दिलेली वस्तू घरात उद्या लागणार होती हे लक्ष्मीबाईंना ठाऊक असते. गौतमाच्या गृहत्यागाची कथा यशोधरेने लिहिली असती तर ती कशी झाली असती, याची कल्पना 'स्मृतिचित्रे' वाचताना येते. मात्र ही यशोधरा हसते, आणि तिचे हसणे हाच तिचा पुरावा आहे. ती पतीला ढोंगी ठरवत नाही. त्याची कृपा खरी होती हे ती मान्य करते, आणि घरातला डबा रिकामा होता हेही सांगते. दोन विधानांपैकी एकाने दुसरे खोडले जात नाही, आणि या न खोडण्यातच त्या गद्याचे सामर्थ्य आहे. जिच्या घरातून पाचारण झालेला माणूस उठून गेला तिची साक्ष घेतल्याशिवाय पाचारणाचा निवाडा करता येणार नाही, हे मराठी ख्रिस्ती परंपरेत प्रथम या ग्रंथाने दाखवून दिले.

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या परिवर्तनाचा वृत्तांत या दृष्टीने पदमनजी, रमाबाई आणि टिळक या तिघांच्याही वृत्तांतांहून वेगळा आहे. त्यात आगगाडीतील अनोळखी प्रवासी नाही, ग्रंथवाचन नाही, दृष्टांत नाही. राहुरीच्या मुक्कामात जात कोणी केली हा प्रश्न त्यांच्या मनात येतो. ती देवाने केलेली नाही असे मनाला पटते. आणि पटल्याची खूण म्हणून आजवर ज्यांचा विटाळ मानला त्यांच्या हातचे पाणी त्या पितात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. कृपेचे हे रूप स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर घडते आणि त्याचे द्रव्य पाणी आहे. विधीतले पाणी येण्यापूर्वी तांब्यातले पाणी येऊन गेलेले आहे. धर्मविचाराच्या परिभाषेत ज्याला पूर्वगामी कृपा म्हणतात, म्हणजे माणसाच्या कोणत्याही निर्णयाआधीच जी कामाला लागलेली असते, तिचे याहून नेमके मराठी चित्र दाखवणे कठीण आहे. लक्ष्मीबाई ही परिभाषा वापरत नाहीत. बहुधा त्यामुळेच चित्र नेमके उतरले आहे.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प केला होता. 'ख्रिस्तायना'चे आरंभीचे सुमारे दहा अध्याय लिहून झाले आणि ते गेले. स्टीफन्सनंतर तीन शतकांनी घेतलेला हा संकल्प तसाच राहावयाचा. पण लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या, कोणत्याही धर्मविद्यालयाची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि उरलेला, म्हणजे बहुतेक सारा, ग्रंथ लिहून काढला. या कामासाठी त्यांना कोणत्या मंडळीने दीक्षा दिली नव्हती. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.